बऱ्या झालेल्यांचे दोन फोटो

अभिलेखागारात सगळ्यांत शेवटी जो रुजू होईल त्याला 'नवा' म्हणायचे, आणि पुढचा माणूस आला की ते बिरूद आपोआप त्याच्याकडे जायचं. ती इंटर्न म्हणून आली आणि तिच्यामागून कोणी आलंच नाही. त्यामुळे चार महिने झाले तरी ती 'नवी'च राहिली. पहारेकरीसुद्धा सकाळी वहीत तिची सही घेताना म्हणायचा, "या नवीबाई, जुन्यात जमा कधी होणार?"

तिची खोली तळघरात होती. खिडकी नाही, भिंतीला लागून लोखंडी मांडण्या, मधे एक लांब टेबल, टेबलावर दोन स्कॅनर आणि खालून उजेड येणारी एक दुधी काच. तिथे तिच्याबरोबर काचमामा बसायचे. त्यांचं खरं नाव पगारपत्रकातच काय ते उरलं होतं. तीस वर्षं काचेच्या निगेटिव्ह हाताळून त्यांच्या बोटांवर बारीक पांढरे व्रण उमटले होते. दिवसातून दहा वेळा स्वतःचा चष्मा हरवणारा हा माणूस काच मात्र कधी हातातून सुटू द्यायचा नाही.

"कडेनं धरायची," त्यांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. "एक बाजू गुळगुळीत, एक खरखरीत. चित्र खरखरीत बाजूवर. तिला बोट लागलं तर चेहऱ्यावर तुझा ठसा, आणि मग तू मेलीस तरी तो जायचा नाही."

काम गावाबाहेरच्या टेकडीवरल्या क्षयाच्या इस्पितळाचं होतं. इस्पितळ बंद पडून तीसेक वर्षं झाली होती. इमारत विकायला काढली तेव्हा माळ्यावर बेचाळीस खोकी सापडली आणि ती अभिलेखागाराच्या दारात येऊन पडली. त्या इस्पितळात एक कारकून होता आणि त्याला फोटोचं वेड होतं. रोगी दाखल झाला की तो त्याला एका स्टुलावर बसवायचा, हातात पाटी द्यायचा, पाटीवर खडूने नंबर, आणि फोटो काढायचा. रोगी बरा होऊन निघाला की पुन्हा तेच स्टूल, तीच पाटी, तोच नंबर.

"म्हणजे बऱ्या झालेल्यांचे दोन फोटो," काचमामा म्हणाले होते. "बाकीच्यांचा एक."

हे ऐकल्यापासून नवीला एक खोडच लागली. पाकिटातून काच काढायची, मऊ ब्रशने धूळ उडवायची, स्कॅनरवर ठेवायची. पडद्यावर आधी पांढरे केस आणि काळे दात असलेलं भुतासारखं काहीतरी यायचं. मग एक कळ दाबली की त्याचं माणूस व्हायचं. माणूस झालं की ती नंबर टिपून घ्यायची आणि पुढच्या खोक्यात तो नंबर पुन्हा येतोय का याची वाट बघायची. आला की म्हणायची, "सुटलास बाबा." कित्येक नंबर आलेच नाहीत. एक सात-आठ वर्षांचा मुलगा होता, पाटी उलटी धरलेला. त्याची तिने सहा खोकी वाट बघितली. मग सोडून दिलं.

नावाच्या रकान्यात ती सगळ्यांपुढे 'अनोळखी' असं टाइप करायची, कारण नावं होती रजिस्टरात आणि पहिलं रजिस्टर पाण्याने भिजून त्याची पानं एकमेकांना चिकटली होती. ते दुरुस्तीला गेलं होतं.

त्या रजिस्टरची तिच्याइतकीच वाट बघणारा आणखी एक माणूस होता. दर मंगळवारी बरोबर अकराला कंडक्टर आजोबा वरच्या वाचनकक्षात येऊन बसायचे. वय एक्याऐंशी. बसमधली नोकरी सुटून दोन तपं उलटली होती, पण आवाज तोच. दारात कोणी घुटमळलं की म्हणायचे, "चला, पुढे सरका, मधे जागा आहे." इस्पितळाचे फोटो अभिलेखागारात आल्याची बातमी त्यांनी वर्तमानपत्रात वाचली होती.

"माझी आई तिथं गेली होती," त्यांनी नवीला पहिल्या भेटीत सांगितलं. "मी चार वर्षांचा होतो. तिथंच गेली ती. घरात तिचा एकही फोटो नाही. आत्यानं मला वाढवलं, पोटच्या पोरासारखं. पण आई कशी दिसायची असं विचारलं की आत्या म्हणायची, चांगली होती रे दिसायला. चांगली म्हणजे काय? नाक कसं, डोळे कसे, काही नाही. मला फक्त एक निळी चादर आठवते. ती तिची होती की दवाखान्याची, कोण जाणे."

"नाव, साल आणि तेव्हाचा पत्ता लिहून द्या आजोबा. रजिस्टर आलं की मी पहिल्यांदा तुमचंच बघेन."

"घाई नाही गं. सत्त्याहत्तर वर्षं थांबलोय, अजून चार मंगळवार."

चाराचे चौदा झाले. पण ते यायचे. बरोबर बिस्किटांचा पुडा आणायचे, वाचनकक्षात खायची बंदी असल्यामुळे खाली जिन्यात बसून काचमामांबरोबर संपवायचे, आणि 'आज नाही ना? मग पुढचा स्टॉप' म्हणून निघून जायचे. नवीला त्यांचा लळा लागला होता. खरं म्हणजे त्या वर्षात दुसऱ्या कोणाशी ती फारसं बोलतही नव्हती.

त्याला कारण होतं. आदल्या वर्षी, तिच्या शेवटच्या परीक्षेच्या दिवसांत, तिची आई अकरा दिवस दवाखान्यात होती. ती दुसऱ्या गावी वसतिगृहात. रोज फोनवर बाबा सांगायचे, "साधा ताप आहे. तू पेपर दे." शेवटचा पेपर देऊन ती बाहेर आली तर फाटकाशी काका उभे. काकांचा चेहरा बघूनच ती समजली. घरी पोचली तेव्हा सगळं उरकलेलं होतं. बाबा म्हणाले, "तिचीच इच्छा होती, तुझं वर्ष जाऊ नये." त्यानंतर बाप-लेकीत रोज फोन व्हायचा तो इतकाच: "जेवलीस?" "हो." "बरं." आणि मग दोघंही ठेवून द्यायची.

रजिस्टर आलं ते एका गुरुवारी. पानं सुटी झालेली, कडा कुरतडलेल्या, पण शाई शाबूत. नवीने दुपारचा डबाही उघडला नाही. साल माहीत होतं, नाव माहीत होतं. अर्ध्या तासात ओळ सापडली. वय तेवीस. नंबर तेराशे सतरा.

तो आकडा तिला पाठ होता. तेराशे सतराच्या काचा तिच्याच हातून गेल्या होत्या, दुसऱ्या महिन्यात. काचा. एक नव्हे, दोन. पहिल्या फोटोत गालफडं बसलेली, खांदे पुढे आलेले, एक मुलगीच म्हणायची. चौदा महिन्यांनंतरच्या दुसऱ्या फोटोत ती ताठ बसली होती, गाल भरले होते, डाव्या भुवईतली जुनी खाच स्पष्ट दिसत होती, आणि कारकुनाने नको म्हटलं असेल तरी ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. घरी निघालेल्या माणसाचं हसू. नवीने तेव्हा मनाशी म्हटलं होतं, सुटलीस बाई.

तिने रजिस्टरातली ओळ शेवटपर्यंत वाचली. शेवटच्या रकान्यात कारकुनाच्या नीटस अक्षरात लिहिलं होतं:

'बरी. न्यायला कोणी आले नाही. स्वयंपाकघरात कामाला ठेवून घेतले.'

काचमामांनी हाक मारली, "नवीबाई, झोपलात की काय?" तिने नुसतं बोट ठेवलं. काचमामांनी चष्मा शोधला, तो डोक्यावरच सापडला. त्यांनी ओळ वाचली आणि उठून खोकी उतरवायला घेतली.

मग दोघांनी मिळून उरलेलं शोधलं. इस्पितळाच्या नोकरांचा दर वर्षी एक गट-फोटो निघायचा, पुढच्या पायऱ्यांवर. खुर्च्यांवर डॉक्टर, मागे परिचारिका, सर्वांत वरच्या पायरीवर स्वयंपाकघर आणि धुलाईची माणसं. सुरुवातीच्या वर्षांच्या पाकिटांवर पेन्सिलीने रांगेनुसार नावं होती, त्यात तिचं नाव होतं. पुढे नावं नव्हती, पण आता चेहरा माहीत होता. फोटो मोठा करत न्यायचा, वरची पायरी, डावीकडून सरकत जायचं. डोक्याला रुमाल बांधलेली, भुवईत खाच. सापडायचीच. तिशीतली. चाळिशीतली. रुंद झालेली, चष्मा लागलेली. एकोणतीस फोटो. नोकरांच्या फायलीत तिचा एक कागदही निघाला. 'जवळचे नातेवाईक' या प्रश्नापुढे लिहिलं होतं, 'एक मुलगा', आणि खाली पत्ता. कंडक्टर आजोबांच्या जुन्या घराचा. शेवटी दुसऱ्या शाईत, 'सेवेत असताना निधन', आणि तारीख.

नवीने हिशेब केला. त्या तारखेला आजोबा चौतीस वर्षांचे होते.

ती मॅडमकडे गेली. मॅडम म्हणजे अभिलेखागाराच्या प्रमुख. कमी बोलायच्या आणि ऐकताना समोरच्याकडे न बघता कागदांच्या कडा जुळवत बसायच्या. त्यांनी सगळं ऐकलं.

"त्यांनी काय मागितलंय?"

"आईचा फोटो."

"मग फोटो दे. दाखल झाल्याचा. पुढचं मागितलं तर पुढचं दे, त्यांचा हक्कच आहे. पण मागितलं नाही ते वाढायला जाऊ नकोस."

"पण मॅडम, त्यांना वाटतं की ती..."

"एकदा मी न मागितलेलं दिलं होतं," मॅडम म्हणाल्या. कागदांच्या कडा जुळल्या होत्या तरी त्या जुळवतच राहिल्या. "त्या बाई दारातून बाहेर गेल्या त्या मला अजून दिसतात. तू तेवीस वर्षांची आहेस. ते एक्याऐंशी. त्यांना एक चेहरा हवाय. तो दे."

मंगळवारी अकराला नवीने पहिला फोटो मोठ्या कागदावर छापून त्यांच्यापुढे ठेवला. आजोबांनी आधी हात पँटला पुसले. मग कागद न उचलता त्याच्यावर वाकले. वाचनकक्षात इतर दोघं-तिघं होती, त्यांनी माना खाली घातल्या.

"अगं," ते म्हणाले, "ही तर केवढीशी आहे! माझ्या धाकट्या नातीएवढी." आणि हसले, आणि हसता हसता त्यांचा चेहरा असा काही मोडला की नवीला बघवेना. "मी आपला म्हातारी शोधत होतो. मनात सगळी म्हातारीच होती गं."

त्या दिवशी नवी मूग गिळून बसली. आजोबांनी फोटो पुठ्ठ्यात घालून छातीशी धरून नेला. जिन्यात त्यांनी काचमामांना मिठी मारली. काचमामा नंतर दिवसभर स्कॅनरची काच पुसत राहिले, पुसलेलीच.

पुढच्या मंगळवारी ते येतील असं तिला वाटलं नव्हतं. काम झालं होतं ना. पण अकरा वाजता दारात आवाज आला, "चला, पुढे सरका." नवा शर्ट, दाढी केलेली. फोटो चौकटीत लावून घेतला होता, सुनेने भिंतीवर जागा करून दिली होती, नातीने शेजारी उभं राहून नाक ताडून बघितलं होतं. हे सगळं सांगून झालं. मग ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाले,

"ते काचवाले म्हणत होते, बऱ्या झालेल्यांचे दोन फोटो असायचे. आमचा एकच, नाही का? म्हणजे, मला माहितीच आहे. उगीच आपलं विचारतो. दुसरा नसेलच ना?"

एक 'नाही' म्हणायचं होतं. दोन अक्षरं. त्यांना तेच ऐकायचं होतं. ते तेच ऐकायला आले होते, खपलीवरून एकदा हात फिरवावा तसे. 'नाही आजोबा' म्हटलं असतं तर ते उठून, 'बरं बाळ' म्हणून, भिंतीवरल्या तेवीस वर्षांच्या मुलीकडे परत गेले असते. आणि नवीच्या कानात बाबांचा आवाज आला, अगदी शांत, अगदी मायेचा: साधा ताप आहे.

"आहे," ती म्हणाली.

"काय आहे?"

"दुसरा फोटो आहे, आजोबा."

तिने त्यांना खाली नेलं. पडद्यासमोर खुर्चीत बसवलं. काचमामा उठून बाहेर गेले नाहीत. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पाकिटं लावत राहिले. तिने दुसरा फोटो उघडला. मग रजिस्टरातली ओळ वाचून दाखवली, कारण आजोबांना ते अक्षर लागेना. 'न्यायला कोणी आले नाही' हे वाक्यही तिने पुरं वाचलं. मग गट-फोटो. मग तो कागद. पत्ता त्यांनी स्वतः वाचला, मोठ्याने, घराच्या आकड्यासकट.

मग त्यांनी कागदाच्या शेवटच्या ओळीवर बोट नेलं.

"शेवटची तारीख काय म्हणालीस?"

तिने सांगितली.

"त्याच्या आधी आठ वर्षं मी त्या मार्गावर होतो," ते म्हणाले. "टेकडीची बस. इस्पितळाच्या फाट्यावर रोज चार वेळा थांबायचो. स्वयंपाकघरातल्या बाया सुट्टीच्या दिवशी गावात यायच्या, माझ्याच बसनं. घोळक्यानं चढायच्या." ते थांबले. "मी त्यांना तिकिटं फाडून दिलीत."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, आणि तो कोणावर करावा हे त्यांनाही कळत नव्हतं.

"हे तू मला कशाला सांगितलंस गं?"

"तुम्ही विचारलंत, आजोबा."

"हो. विचारलं खरं." ते उठले. जिना चढताना त्यांनी कठड्याला दोन्ही हातांनी धरलं. फोटो मागितले नाहीत. "चला" म्हणाले नाहीत.

पुढच्या मंगळवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. नवीचं कामातलं लक्ष उडालं. एकदा तिने काच उलटी ठेवली, एकदा एकाच नंबरावर दोन माणसं चढवली. फोन करू का म्हणून तिने मॅडमना विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, "नको. तू त्यांना काय सांगणार आहेस? की वाईट वाटलं? ते त्यांना ठाऊक आहे." पण मग खुर्ची मागे सारून उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदाच तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तू चुकलीस असं मी म्हटलं नाही हं."

तिसऱ्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ती जिन्यात एकटीच बसली होती. बाबांचा फोन आला.

"जेवलीस?"

"नाही."

हे उत्तर वर्षभरात पहिल्यांदाच आलं होतं. बाबा गडबडले. "का गं? बरं नाही का?"

आणि तिने सांगून टाकलं. आजोबा, तेराशे सतरा, न्यायला कोणी आलं नाही, सगळं. बाबांनी मधे एक अक्षर काढलं नाही. तिला वाटलं फोन तुटला.

"बाबा?"

"ऐकतोय." मग ते म्हणाले, "त्या पोराला कोणी सांगितलं नाही."

"नाही."

"मीही तेच केलं तुझ्याशी."

"हो," ती म्हणाली.

ते सावरून काही बोलतील, 'पण तुझ्या भल्यासाठी' असं काहीतरी, याची तिने वाट बघितली. ते बोलले नाहीत. पलीकडून श्वास ऐकू येत होता, म्हाताऱ्या माणसाचा, नाक चोंदलेला. मग ते म्हणाले, "नवव्या दिवशी तिनं विचारलं होतं, पोर कधी येते. मी म्हटलं, उद्या." नवी जिन्याच्या कठड्याला डोकं टेकून रडली. तिने त्यांना माफ केलं असं नाही. ते तिला जमणार होतं की नाही हे तिलाही माहीत नव्हतं. पण दोघांपैकी कोणी फोन ठेवला नाही. सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा बाबाच म्हणाले, "जा. दोन घास खाऊन घे आधी."

कंडक्टर आजोबा आले ते पाचव्या आठवड्यात, आणि तेही शुक्रवारी. बरोबर बिस्किटं नव्हती. अंगाने उतरले होते. ते थेट तळघरात आले, काचमामांना मान हलवली आणि नवीशेजारची खुर्ची ओढून बसले.

"आत्याशी भांडलो मी," ते म्हणाले. "रोज भांडलो. ती जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी. सकाळी उठलो की सुरू. का नाही आणलीत तिला? बरी झाली होती ना? रोगाची भीती वाटली असेल, म्हणा. तेव्हा वाटायची लोकांना. वडिलांना वाटली असेल. मग आत्या माझ्याशी काही बोलतच नाही. नुसती माझ्या शाळेच्या शर्टाला बटणं लावत बसते. आता तिच्यावर हात कसा उगारू? जिवाचं रान करून वाढवलं गं तिनं मला. आणि वडील तर जिवंत असतानाही बोलत नसत. भांडायलाही कोणी उरलं नाही मला."



"आणि दुसरं म्हणजे," ते म्हणाले, "ती का नाही आली? पत्ता माहीत होता. बस होती. मी होतो बसमध्ये! तिला माहीत होतं का, की हा कंडक्टर आपला? की माहीत होतं म्हणूनच चढायची? मी आठवून आठवून पाहिलं. चेहरे लक्षात ठेवायचे हेच माझं काम, कोणी तिकीट काढलं, कोण चुकवतंय. लोकांना छातीठोक सांगायचो, एकदा बघितलेला चेहरा मी विसरत नाही. पण चष्मा लावलेली, रुमाल बांधलेली कोणी बाई माझ्याकडे टक लावून बघत होती, काही बोलायला आली होती, असं काही नाही. खोटं आठवायलाही तयार आहे मी. तेही येत नाही."

"कागदांत याचं उत्तर नाही, आजोबा," नवी म्हणाली. "मी सगळं शोधलं."

"माहितीये. म्हणून तर आलो. आता मला सगळे दाखव. ओळीनं. एकही सोडू नको."

तिने पहिला गट-फोटो उघडला. वरच्या पायरीवरल्या चेहऱ्यापर्यंत मोठा करत नेला. आजोबांनी खिशातून एक कागद काढला. त्यावर त्यांनी सालं लिहून आणली होती आणि प्रत्येकापुढे आपण तेव्हा काय करत होतो ते. "हे पहिली इयत्ता," ते म्हणाले. "हे गोवर निघाला ते वर्ष. हे वडील गेले." पुढे पुढे त्यांनी कागद वाचणं सोडलं आणि नुसते बघत राहिले. बसवर लागले त्या वर्षाच्या फोटोला त्यांनी पडद्याच्या इतकं जवळ तोंड नेलं की श्वासाने काच धुरकट झाली. काचमामांनी काही न बोलता फडकं पुढे केलं.

"खाली काय लिहिलंय?" आजोबांनी विचारलं.

"नावाचा रकाना आहे. पाकिटांवरची नावं अजून चढवायची आहेत, तोवर सगळ्यांपुढे 'अनोळखी'."

"हिचं टाक."

त्यांनी आईचं नाव सांगितलं, पूर्ण, तिच्या वडिलांच्या नावासकट, अक्षर अक्षर फोड करून, तिकिटावर लिहून घेतल्यासारखं. नवीने टाइप केलं. एकोणतीस वेळा केलं. नक्कल करून चिकटवता आलं असतं, पण आजोबा प्रत्येक वेळी नाव उच्चारत होते आणि ती त्यांच्या मागोमाग लिहीत गेली. ते संपेपर्यंत दुपार टळली होती.

"पुढचा," ते म्हणाले.

"आजोबा, पुढच्यात त्या नाहीत."

"माहितीये. दाखव."

तिने तिसावा फोटो उघडला. त्याच पायऱ्या, त्याच खुर्च्या, डॉक्टरांत एक नवा. वरच्या पायरीवर स्वयंपाकघराची माणसं. तिच्या जागी कोणी उभं नव्हतं असं नाही. रांग जराशी सरकून जवळ आली होती आणि फट बुजली होती. तिच्या एका बाजूला कायम उभी राहणारी जाड बाई आणि दुसऱ्या बाजूचा उंच आचारी आता खांद्याला खांदा लावून उभे होते. आजोबांनी विचारलं, ही दोघं कोण. नवीने पाकीट बघितलं. नावं नव्हती.

"ह्यांना माहीत असणार," आजोबा म्हणाले. "ती मुलाबद्दल काय बोलायची ते. रोज बरोबर होते."

त्या दोघांकडे ते बराच वेळ बघत बसले. मग हळूच उठले, टोपी घातली, आणि नवीला म्हणाले की पुढच्या शुक्रवारी येतो, ह्या दोघांचं कुठे काही निघतं का बघून ठेव. तिने त्या फोटोचा नंबर लिहून घेतला.